न लावलेला तगादा

"बहिणीशी तुमचे संबंध चांगले आहेत?" दिवाळखोरीच्या कचेरीतल्या मॅडमनी विचारलं, आणि मी सरळ माणसासारखा "हो, एकदम" म्हणालो. केस तिथेच गेली. त्याआधी त्यांनी फ्रीज चालू आहे का, गादी कापसाची की फोमची, मनगटावरचं घड्याळ सोन्याचं की नुसतंच पिवळं, असं सगळं विचारून घेतलं होतं. हा प्रश्नही त्याच सुरात, मान वर न करता आला, त्यामुळे मला वाटलं, बाई जरा आपुलकीने चौकशी करतायत. मग मी सुटलोच. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं, माझी पहिली दाढी तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे भाऊजींच्या वस्तऱ्याने झाली, अजूनही ती मला रस्ता ओलांडताना दंडाला धरते, वगैरे. मी बोललो की मॅडम टाईप करायच्या, मी थांबलो की त्या थांबायच्या. आपण बोलतोय आणि कुणीतरी त्याची अक्षरं करतंय, हे सुख मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं, म्हणून मी वस्तऱ्याचा रंगसुद्धा सांगितला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे झुकतं माप दिलंत," त्या म्हणाल्या. "अर्ज करायच्या जरा आधी डिलिव्हरीची गाडी विकली, आणि आलेली सगळी रक्कम बहिणीला दिली." "तिचीच होती. मी उसने घेतले होते तिच्याकडून." "बँकेकडूनही उसनेच घेतले होते." "बँक माझी बहीण नाही." "तेच म्हणतेय मी," मॅडम म्हणाल्या, आणि तेसुद्धा टाईप करून टाकलं.

दिवाळखोर होणं हे बुडण्यासारखं असेल अशी माझी समजूत होती. गटांगळ्या, हातपाय मारणं, शेवटी शांतता. प्रत्यक्षात ते बदली होण्यासारखं निघालं. आपण अर्ज करतो की बाबांनो, माझ्याच्याने फिटत नाही. तो मंजूर झाला की आपलं जे काही आहे ते मॅडमच्या ताब्यात जातं. मॅडम ते विकतात, येईल त्यातून सगळ्या घेणेकऱ्यांना त्यांच्या त्यांच्या हिश्शाने वाटतात. ठराविक मुदत आपण शहाण्यासारखं वागायचं, कुणाकडून नवीन उधार घ्यायचं नाही, मिळकत कळवत राहायची, आणि मग एक दिवस उरलेलं सगळं देणं पुसलं जातं. मधल्या काळात कुणी आपल्या दारात येऊन ओरडायचं नाही, ओरडायचं असेल तर मॅडमकडे जाऊन ओरडायचं. ही व्यवस्था मला इतकी आवडली होती की अर्ज मंजूर झाल्यावर मी केस कापून आलो. माणसाला जगण्यापुरतं ठेवतातही. अंथरूण, भांडी, अंगावरचे कपडे आणि धंद्याची अवजारं. माझा धंदा कप आणि ढाली विकण्याचा, म्हणजे स्पर्धांमध्ये वाटतात ते चषक. त्यामुळे मॅडमनी कपांवर नावं कोरायचं माझं यंत्र सोडलं, कप मात्र लिहून घेतले. दुकानाच्या मागच्या खोलीत छतापर्यंत एकसारखे कप होते, सगळ्यांवर 'वर्षातील सर्वोत्तम विक्रेता'. एका कंपनीने ऑर्डर दिली होती, आणि समारंभाच्या आधी त्या कंपनीने सगळे विक्रेते कामावरून काढून टाकले, मग स्वतःही गेली. मॅडमनी एक कप उचलून, उलटा करून, आत बघितलं. "यांना गिऱ्हाईक?" "न जिंकलेला कप कोण विकत घेतं मॅडम?" मी म्हणालो. त्यांनी मूल्य शून्य लावलं, पण मला उगाचच वाटलं की त्या एक क्षण थबकल्या, म्हणजे त्यांना एक हवा होता.

पण कायद्याचा एक मुद्दा माझ्या डोक्यात शिरला नव्हता. या रांगेत सगळे घेणेकरी सारखे. बँक, दोन क्रेडिट कार्डं, मोबाईलवरून कर्ज देणारी ती कंपनी (तिच्या वसुलीवाल्याने मला एकदा विचारलं होतं, "झोप लागते का तुम्हाला?", आणि मी खरोखर काळजीने "हल्ली तुटक तुटक लागते" असं सांगितलं होतं), कपांचा घाऊक व्यापारी, आणि ताई. सगळे सारखे. बुडण्याआधी त्यातल्या एकाला जवळचं म्हणून गुपचूप पुढे काढलं, तर मॅडम ते देणं रद्द करू शकतात, पैसे परत मागवू शकतात आणि त्या माणसाला पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत उभं करू शकतात. माझ्या घराण्यात मात्र उलटं शिकवलेलं. आधी घरचं मिटवायचं, मग बाहेरच्यांकडे तोंड दाखवायचं. वडिलांनी एकदा पगार झाल्या झाल्या वाण्याला टाळून आत्याचे पैसे परत केले होते, आणि त्याबद्दल त्यांचं घरात कित्येक वर्षं कौतुक चाललं होतं. वाण्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. मी गाडी विकून पैसे ताईच्या हातावर ठेवले तेव्हा माझ्याही मनात तेच कौतुक सुरू झालं होतं, अगदी आत्याच्या आवाजात. बघ रे, बँकेला फसवलं पण बहिणीला नाही. आता मॅडम सांगत होत्या की बहिणीलाच फसवलंत. शब्द वेगळे होते. "ही रक्कम बहिणीकडून परत घ्यावी लागेल."

"ती खर्च झाली," मी म्हणालो. "कशावर?" "दातांवर." मॅडमनी चष्मा परत लावला. ताई पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर शिकवते. एका घाबरलेल्या मुलाने पाण्यात लाथ झाडली आणि ताईचे समोरचे दात गेले, त्यानंतर तिला शिट्टी धरता येईना. ओठांनी धरली तर हवा बाजूने सुटायची आणि पोरं खुशाल खोल भागात जायची. तिने बरेच महिने हाताची पोकळी करून आरोळ्या मारल्या, घसा बसवून घेतला, पण मला एका शब्दाने काही बोलली नाही, कारण दातांचे पैसे माझ्याकडे अडकले होते. "काढता येणारे की पक्के?" मॅडमनी विचारलं. "काय?" "दात." त्यांचा चेहरा फ्रीजच्या वेळी होता तसाच होता. "पक्के. हाडात स्क्रूने." "मग ते जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ज्या सुटकेच्या सुरात हे म्हटलं, त्यावरून काढता येणारे असते तर काय झालं असतं हे मी विचारलं नाही. उलट डोकं चालवायला गेलो. "शिट्टी तिचं कामच आहे. म्हणजे दात ही धंद्याची अवजारं झाली. अवजारं सोडतात ना?" "दिवाळखोराची सोडतात. बहीण दिवाळखोर नाहीत." जरा विचार करून त्या म्हणाल्या, "त्यांनी अर्ज केला तर गोष्ट वेगळी." हे त्या मदत म्हणून बोलल्या. समोरच्या भिंतीवर एक पंखा होता आणि तो मान हलवून नाही नाही म्हणत होता, पण फक्त माझ्या बाजूला.

तळमजल्यावर मोफत सल्ल्याचं टेबल होतं. तिथला वकील पेपरमिंट चघळत बसायचा आणि प्रत्येक पक्षकाराला एक द्यायचा. मोफत सल्ल्यातली मोफत वस्तू ती एवढीच, असं मला आधी वाटत होतं. त्याने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, संबंध चांगले आहेत असं कोण सांगतं?" "पण चांगले आहेत." "असू देत की! बोलायचं कशाला? हे बघा, झुकतं माप कधी? मनापासून द्यावंसं वाटलं, जवळच्याचं भलं व्हावं म्हणून दिलं, तर. आणि तिने तगादा लावला असेल, डोकं खाल्लं असेल, तुम्ही घाबरून दिले असतील, तर ते झुकतं माप नाही. मग पैसे तिचे, कुणी हात लावत नाही." मी पेपरमिंट तोंडात टाकली आणि हे समजून घेतलं. म्हणजे ताईने माझी गचांडी धरली असती, दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढली असती, तर पैसे तिचे. तिने माया केली म्हणून परत द्यायचे. "असा कायदा कुणी केला?" "घेणेकऱ्यांच्या हिताचा आहे," वकील म्हणाला. "ताई घेणेकरीच आहे." "तुम्ही गुंतागुंत करताय. पुढच्या तारखेला तिला घेऊन या आणि तगादा लावला होता असं सांगायला सांगा. एकदा तरी रागावली असेल ना? बहीण आहे." मी आठवू लागलो. आठवता आठवता पेपरमिंट संपली.

ती रागावली होती खूपदा, पण पैशांवरून कधीच नाही. पैसे दिले तेव्हाही जुन्या टॉवेलात गुंडाळून आणले होते, आणि टॉवेल परत कर म्हणाली, बस्स. त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन. ती तलावाबद्दल बोलायची, भाऊजींच्या गुडघ्याबद्दल बोलायची, मी दुकानाबद्दल खोटं बोलायचो. मग बोलणं संपायचं, पण फोन ठेवला जायचा नाही. तिच्या बाजूला एक थांबणं असायचं. त्यात तलावावरच्या पाण्याचा आवाज यायचा, किंवा तिच्या श्वासाचा, दोन्ही सारखेच वाटायचे. मी त्या थांबण्यात उभा राहायचो, उभाच, खुर्ची असली तरी. आता विचारेल. आता. वसुलीवाले दिवसभर आईबहिणीवरून बोलायचे तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकून कपांवरची धूळ पुसायचो. ताईच्या त्या न बोलण्याने मात्र माझ्या तळहातांना घाम यायचा आणि रविवार दुपारपर्यंत सुकायचा नाही. मग ती म्हणायची, "बरं, जेवत जा वेळेवर," आणि फोन ठेवायची. पुढे पुढे मला शनिवारीच कसंतरी व्हायला लागलं. गाडी विकली ती अशाच एका सोमवारी. माया म्हणून विकली की ते थांबणं सहन होईना म्हणून, हे मला खरंच सांगता येत नाही, आणि नेमकं तेवढंच मॅडमना हवं होतं.

ताईला सांगायला मी तलावावर गेलो. क्लोरिनच्या वासात सगळं जरा धुतल्यासारखं वाटतं, म्हणून तीच जागा निवडली. ती काठावर उभी होती, नवे दात, त्यात शिट्टी, अंगावर पालिकेचा टी-शर्ट. पाण्यात लाकडी फळ्यांना धरून पोरं पाय मारत होती. मी सांगत गेलो तशी ती त्यांच्याकडेच बघत राहिली. मध्येच एकदा शिट्टी इतक्या जोरात फुंकली की मी मागे सरलो. "तुला नाही, त्या लाल टोपीवाल्याला," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "सगळे परत करायचे?" "सगळे." "दातांचेही?" "दात ठेवायचे, पैसे द्यायचे." ती जरा वेळ जिभेने दात चाचपत राहिली. "ह्यांना काय सांगू? ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशनही त्यातूनच करायचं होतं. बाजूला काढून ठेवलेत मी उरलेले." भाऊजी जिना बसून उतरतात हे मला माहीत होतं. ऑपरेशन या पैशांतून होणार हे माहीत नव्हतं. मी घाईघाईने वकिलाचा उपाय सांगितला. "तू फक्त म्हणायचं, तगादा लावला होता." "मी? तुला?" "एक वाक्य आहे ताई." "अरे, लोक काय म्हणतील?" "लोक नाहीत तिथे. मॅडम आहेत आणि पंखा आहे." शेवटी ती तयार झाली, म्हणजे मी तयार केलं. म्हटलं, सराव कर, समज मी आत्ता समोर आलोय आणि तुला पैसे हवेत. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, तिने खोल श्वास घेतला, भुवया जवळ आणल्या. "अरे," ती म्हणाली, "ते पैसे... म्हणजे जमलं तर... तू काय खाल्लंयस का सकाळपासून? तोंड बघ." पाण्यातली पोरं हसली. लाल टोपीवाला सगळ्यात मोठ्याने. "मावशी, असं नाही, असं ओरडायचं," म्हणून त्याने तोंडात पाणी भरून माझ्या दिशेने पिचकारी मारली. मला त्याचं पटलं.

तारखेला ताई साडी नेसून आली, शिट्टी मात्र गळ्यात राहिली होती. तिला खुर्ची दिली. मॅडमनी शपथ-बिपथ काही घातली नाही, नुसतं कीबोर्डवर बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "भावाला दिलेल्या पैशांसाठी तुम्ही तगादा लावला होता का?" "हो," ताई म्हणाली. "कसा?" "फोन करून. दर रविवारी." "काय म्हणायचात?" ताईने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी म्हटलं, बोल, शिव्या घाल. "म्हणायचे," ताई म्हणाली, "जेवत जा वेळेवर." मॅडमनी टाईप केलं. "आणखी?" "गाडी हळू चालव." तेही टाईप झालं. "पैशांबद्दल?" पंखा माझ्याकडे वळला, थांबला, परत गेला. ताईचा चेहरा लाल व्हायला लागला, आधी मान, मग गाल, लहानपणी मी पतंगासाठी कौलांवर चढायचो तेव्हा व्हायचा तसा. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, ती मागायची नाही, हाच तगादा होता. तुम्ही ते ऐकलं नाहीये. ती फोनवर थांबायची. मला बँकेची भीती वाटली नाही तेवढी त्या थांबण्याची वाटायची. मी घाबरून दिले. लिहा, घाबरून." मॅडम म्हणाल्या, "न मागणं हे दबाव म्हणून लिहिता येत नाही." "का येत नाही? तुम्हाला भाऊ आहे का?" "तू गप्प बस," ताई म्हणाली.

मग ती मॅडमकडे वळून बोलू लागली. आवाज तलावावरचा, पलीकडच्या काठापर्यंत पोचणारा. "नाही लावला. लिहा. एकदाही मागितले नाहीत. मागायचे नव्हते असं नाही, दर रविवारी मागायचे होते. तोंडापर्यंत यायचं. इकडे घरात माणूस जिन्यावर बसून बसून उतरतोय, मी पोरांवर ओरडून ओरडून रक्त थुंकायची बाकी होते, आणि हा मला सांगतोय धंदा जोरात आहे. मला काय कळत नव्हतं? याच्या आवाजावरून याला ताप किती आहे ते सांगते मी. पण मागितले असते ना मॅडम, तर याने अजून एक कार्ड काढलं असतं आणि माझे फेडले असते. एवढा मूर्ख आहे हा. म्हणून गप्प बसले. तरी विकलीच ना गाडी? गाडी असती तर निदान दुसऱ्याचा माल पोचवून चार पैसे कमावले असते गाढवाने." मॅडमची बोटं थांबली होती. "यातलं कुठपर्यंत घेऊ?" त्यांनी विचारलं. "एकदाही मागितले नाहीत, इथपर्यंत," ताई म्हणाली. मग खटखट झाली, कागद बाहेर आला आणि ताईने तो वाचून सही केली, सावकाश, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझ्यासाठी करायची तशी. पैसे हप्त्याने परत करायला मॅडमनी सवलत दिली. परत केले की तिचं नाव घेणेकऱ्यांत लागणार, आणि वाटप होईल तेव्हा तिच्या वाट्याला जे येईल त्यात, मी मनात हिशेब केला, एक बरी शिट्टी आली असती. उठताना मॅडम मला समजावून म्हणाल्या, "आता तुम्ही कुणाचंच वैयक्तिक देणं लागत नाही. कुणाला परस्पर काही द्यायचं नाही, कळलं ना? बहिणीला तर नाहीच." हेही त्या मदत म्हणूनच बोलल्या.

जिन्यात आम्ही दोघंच होतो. भिंतीला हिरवा तेलरंग, खांद्याच्या उंचीपर्यंत लोकांनी घासून काळा केलेला. ताई पुढे, मी मागे. मला काहीतरी बोलायचं होतं आणि जे जे सुचत होतं ते कुठल्या ना कुठल्या वसुलीवाल्याला आधी बोलून झालेलं होतं. जिन्याच्या वळणावर ती थांबली. मी पुढे जावं म्हणून थांबली असेल असं समजून मी एक पायरी उतरलो, तर तिने माझा दंड धरला, पण रस्ता ओलांडताना धरते तसा नाही. बोटं रुतली. "माझे पैसे कधी देणार?" तिने विचारलं. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "ताई, आत्ताच त्या म्हणाल्या, कायद्याने मी तुझं..." "कायदा राहू दे. मी विचारतेय. माझे पैसे कधी देणार?" वरून फायली घेऊन एक शिपाई येत होता, तो भिंतीला चिकटून उभा राहिला. ताईने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "सांग ना. तोंड शिवलंय का? दातांचे वेगळे सांग, गुडघ्याचे वेगळे सांग. लाज वाटते का जराशी?" तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र पक्का होता, आणि मला आश्चर्य वाटलं की हे इतकं सोपं होतं. तळहात कोरडे होते. इतक्या वर्षांत माझ्याकडे जो जो मागायला आला त्याला मी तारीख दिली होती, पुढचा आठवडा, एक तारीख, सणाच्या आधी, सणाच्या नंतर, आणि सगळ्या तारखा तोंडावर आपटल्या होत्या. जिभेवर आताही एक तारीख तयार होऊन आली होती. मी ती गिळली.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तू विचारत राहा."

"ते तू मला शिकवू नकोस," ताई म्हणाली, आणि दंड न सोडता पुढची पायरी उतरली.